भूल देण्यापूर्वीचा एक प्रश्न

रुग्णाची जनुके तपासून त्याच्यापुरता उपचार ठरविण्याच्या शास्त्राची चर्चा गेल्या काही वर्षांत सातत्याने होत आहे. ४ एप्रिल २०२४ रोजी मुंबईच्या आयआयटीमध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते 'कार-टी सेल' या स्वदेशी कर्करोग उपचारपद्धतीचे लोकार्पण झाले. रुग्णाच्याच रक्तातील पेशी बाहेर काढावयाच्या, त्यांत जनुकीय बदल घडवावयाचा आणि त्या पुन्हा त्याच्या शरीरात सोडावयाच्या, अशी ही पद्धत. पुढे ९ जानेवारी २०२५ रोजी दहा हजार भारतीयांच्या जनुकसंचाची माहिती संशोधकांसाठी खुली करण्यात आली. या दोन्ही घटनांचे झालेले स्वागत रास्तच होते. मात्र परभणीसारख्या जिल्ह्यात बसून पाहिले, तर या शास्त्राचा सर्वांत निकडीचा उपयोग याहून कितीतरी साध्या ठिकाणी आहे. तो आहे शस्त्रक्रियागृहाच्या दाराशी, भूल देण्यापूर्वी रुग्णाला विचारावयाच्या एका प्रश्नात.

हा प्रश्न ज्या औषधाशी निगडित आहे, त्याचे नाव सक्सिनिलकोलीन. भूलतज्ज्ञांच्या रोजच्या बोलण्यात ते 'स्कोलिन' म्हणून ओळखले जाते. संपूर्ण भूल देताना रुग्णाच्या श्वासनलिकेत नळी घालावी लागते आणि त्यासाठी स्नायू पूर्ण शिथिल व्हावे लागतात. स्कोलिन हे काम मिनिटभरात करते. त्याचा मोठा गुण असा, की पाच-दहा मिनिटांत त्याचा प्रभाव आपोआप ओसरतो आणि रुग्ण स्वतः श्वास घेऊ लागतो. पोट भरलेले असताना तातडीने शस्त्रक्रियेला घ्यावा लागलेला अपघातग्रस्त, ऐनवेळी संपूर्ण भूल द्यावी लागलेली बाळंतीण, मानसोपचारातील विद्युत उपचार घेणारा रुग्ण अशा अनेक प्रसंगी हे स्वस्त औषध आजही हाताशी असते.

औषध इतक्या लवकर ओसरते, ते रक्तातील एका विकरामुळे. ब्युटिरिलकोलिनएस्टरेज असे या एन्झाइमचे लांबलचक नाव असून, जुन्या पुस्तकांत त्याला 'स्यूडोकोलिनएस्टरेज' म्हटले आहे. टोचलेल्या औषधाचा बहुतांश भाग स्नायूंपर्यंत पोहोचण्यापूर्वीच हे विकर त्याचे विघटन करते. ज्या व्यक्तीत हे विकर जन्मतःच नसते, तिला मात्र नेहमीची मात्राही कित्येक पटींनी जास्त होते. पाच मिनिटांत सुरू व्हायला हवा तो श्वास काही तास सुरूच होत नाही. अशी व्यक्ती एरवी पूर्ण निरोगी असते. तिला कोणताही आजार नसतो, लक्षण नसते, तक्रार नसते. आपल्या रक्तात काही उणे आहे, हे तिला शस्त्रक्रियेच्या टेबलावर जाईपर्यंत कळण्याचा मार्गच नसतो.

कारण वेळीच ओळखले गेले आणि कृत्रिम श्वास चालू ठेवता आला, तर रुग्ण काही तासांनी पूर्ववत बरा होतो. ओळखले गेले नाही, तर दोन धोके संभवतात. पहिला धोका उघड आहे. श्वासाची नळी लवकर काढली गेली, तर जीव जाऊ शकतो. दुसऱ्याची चर्चा फारशी होत नाही. भुलीचे औषध उतरते, पण स्नायू शिथिलच राहतात. रुग्ण जागा असतो, त्याला सारे ऐकू येते, वेदना कळतात. परंतु पापणीही हलवता येत नाही.

एका शास्त्राचा जन्म

जनुकांनुसार औषध या विचाराचा उगमच मुळी या औषधापाशी आहे. १९५०च्या दशकाच्या आरंभी स्कोलिन वापरात आले आणि थोड्याच काळात काही रुग्णांचा श्वास लांबल्याच्या घटना पुढे येऊ लागल्या. कॅनडातील टोरांटो येथे वेर्नर कालो यांनी त्यांचा पाठपुरावा केला. विकरातील हा दोष घराण्यातून उतरतो, हे त्यांनी दाखवून दिले आणि तो ओळखण्याची रक्ताची चाचणीही १९५७ मध्ये मांडली. 'फार्माकोजेनेटिक्स' हा शब्द १९५९ मध्ये जर्मनीच्या फ्रिडरिश फोगेल यांनी रूढ केला आणि त्या विषयावरील कालो यांचा ग्रंथ १९६२ मध्ये आला. मानवी जनुकसंचाच्या वाचनाला प्रारंभ होण्यापूर्वी तीन दशके ही गोष्ट घडली होती.

युरोप-अमेरिकेत या विकराचा पूर्ण अभाव साधारण लाखात एखाद्या व्यक्तीत आढळतो. त्यामुळे तेथील पाठ्यपुस्तकांनी त्याला 'दुर्मिळ' ठरविले आणि आपल्या पाठ्यपुस्तकांनी तोच शब्द उचलला. भारतातील एका समाजापुरता मात्र तो लागू पडत नाही. कोइमतूरच्या भारतियार विद्यापीठातील आर. बूपती व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये आर्य वैश्य समाजातील कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला. विकर तयार करणाऱ्या जनुकात एकच विशिष्ट बदल या समाजात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला असल्याचे त्यांना आढळले. तेथील पाहणीत साधारण २४ व्यक्तींमागे एकीत हे विकर जवळपास नव्हतेच. लाखात एक आणि चोविसात एक यांतील अंतर सुमारे चार हजार पटींचे होते.

एवढा फरक का पडावा, याचे उत्तर हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतील कुमारसामी थंगराज आणि हार्वर्डचे डेव्हिड राइक यांच्या गटाने २०१७ मध्ये 'नेचर जेनेटिक्स'मध्ये दिले. दक्षिण आशियातील अनेक समाज फार पूर्वी मोजक्या पूर्वजांपासून वाढले आणि नंतर लग्ने आपसांतच होत राहिली. त्यामुळे एखाद्या पूर्वजाच्या जनुकातील चूक पुढील लाखो वंशजांत पसरली. अशा तऱ्हेच्या ८१ समाजांवर त्यांनी बोट ठेवले असून, त्यांपैकी १४ समाजांची लोकसंख्या प्रत्येकी दहा लाखांच्या वर आहे. आर्य वैश्य हे त्यांनी दिलेले ठळक उदाहरण. या समाजातील रुग्णांना स्कोलिनसारखी औषधे देऊ नयेत, ही काळजी वैद्यकीय व्यवहारात आधीच ज्ञात असल्याचेही त्यात नमूद आहे.

मराठवाड्याचा संबंध

हा सारा विषय आंध्र-तमिळनाडूचा, त्याचे परभणीला काय, असे वाटणे शक्य आहे. परंतु परभणी जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याचा भाग होता आणि व्यापाराच्या वाटा त्याहूनही जुन्या आहेत. जुन्या बोलीत ज्यांना कोमटी म्हणत, ती आर्य वैश्य मंडळी तेलंगणातून येऊन नांदेड, परभणी, हिंगोली, लातूर परिसरात पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावली आहेत. किराणा, कापड, सराफी अशा व्यवसायांत बाजारपेठांच्या गावी त्यांची घरे आहेत. घरात मराठी बोलली जाते, कुलदैवत मात्र वासवी कन्यका परमेश्वरी आणि सोयरिकी सीमेपलीकडे तेलंगणातही होतात. मामाच्या मुलीशी विवाहाची चाल मराठवाड्यात अनेक समाजांत आहे, तशी येथेही राहिली आहे. राज्यांची सीमा १९५६ मध्ये आखली गेली. रक्ताने ती पाळण्याचे काही कारण नाही.

कोइमतूरचा आकडा जसाच्या तसा गंगाखेड वा जिंतूरला लावणे अर्थातच शास्त्राला धरून होणार नाही. एकाच समाजाच्या निरनिराळ्या शाखांत प्रमाण कमी-अधिक असू शकते. परंतु प्रमाण चोविसात एक असो की शंभरात एक, भूलतज्ज्ञाने सावध राहण्यासाठी ते पुरेसे आहे.

येथे परभणीची परिस्थिती ध्यानात घ्यावी लागते. नऊ तालुक्यांच्या आणि २०११ च्या जनगणनेनुसार १८ लाख ३६ हजार लोकसंख्येच्या या जिल्ह्याला स्वतःचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळाले ते २०२३ मध्ये. तोपर्यंत गुंतागुंतीचा रुग्ण म्हणजे नांदेड, औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर), नाही तर थेट हैदराबाद, हे ठरलेलेच होते. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' असे येथील माणूस कौतुकाने म्हणतो खरे, पण आजारपण आले की तो रेल्वेचे वेळापत्रक पाहू लागतो. मोठ्या शहरात स्कोलिननंतर श्वास लांबला, तर रुग्णाला व्हेंटिलेटरवर ठेवून वाट पाहता येते. तालुक्याच्या ठिकाणी बाहेरून बोलावलेला एकच भूलतज्ज्ञ असेल, पुढचा रुग्ण खोळंबलेला असेल आणि व्हेंटिलेटर दुसऱ्या गावी असेल, तर ते काही तास कोणी आणि कसे काढावयाचे? मुंबईत जी गैरसोय ठरते, ती तालुक्याला जिवावरची वेळ ठरू शकते. म्हणूनच जनुकीय माहितीचे मोल साधने अपुरी आहेत तेथे अधिक आहे. ही महागडी चैन आधी महानगरांत यावी आणि मग झिरपत जिल्ह्यात पोहोचावी, हा क्रम या बाबतीत उलटा आहे.

चाचणी हवी कुठे, नको कुठे

प्रत्येक औषधापूर्वी प्रत्येकाची जनुके तपासावीत, असा याचा अर्थ नाही. तसा आग्रह धरणाऱ्या खासगी प्रयोगशाळांच्या जाहिराती वाचकांनी थोड्या सबुरीने घेतलेल्या बऱ्या. क्षयरोगावरील आयसोनियाझिड हे उत्तम उदाहरण आहे. हे औषध शरीरातून बाहेर टाकण्याचा वेग जनुकांवर अवलंबून असतो आणि भारतीयांत संथ गतीच्या व्यक्तींचे प्रमाण निम्म्याहून अधिक आहे. अशांच्या हातापायांना मुंग्या येण्याचा धोका वाढतो. हे दशकानुदशके माहीत असूनही त्यावर जनुकीय चाचणी हा उपाय ठरला नाही. सोबत ब-६ जीवनसत्त्वाची स्वस्त गोळी दिली की प्रश्न बऱ्याच अंशी मिटतो. रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफॅरिनचेही तसेच आहे. कोणाला किती मात्रा लागेल, हे दोन जनुकांवर बरेच अवलंबून असले, तरी रक्त गोठण्याची साधी तपासणी वारंवार करून डॉक्टर ती ठरवीतच आले आहेत.

हृदयविकारात दिले जाणारे क्लोपिडोग्रेल थोडे वेगळे. ते यकृतातील एका विकराने सक्रिय झाल्यावरच काम करते आणि ते विकर मंद असणाऱ्यांचे प्रमाण आशियाई लोकांत लक्षणीय आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१० मध्ये त्यावर ठळक इशारा छापण्यास लावले. ही माहिती लोकांना पुरेशी दिली नाही, या कारणास्तव हवाई राज्यातील न्यायालयाने २०२४ मध्ये उत्पादक कंपन्यांना ९१ कोटी डॉलरहून अधिक दंड ठोठावला. तेथील लोकसंख्येत आशियाई वंशाचे लोक मोठ्या संख्येने आहेत, हा त्या खटल्याचा गाभा होता.

स्कोलिनची गोष्ट या सर्वांहून निराळी आहे. येथे धोका एका क्षणाचा आहे. आधी कळले तर टाळता येतो, नंतर कळून सावरायला अवधी तुटपुंजा असतो. शिवाय पर्याय उपलब्ध आहेत. रोक्युरोनियमसारखी दुसरी औषधे आहेत, आणि जेथे शक्य असेल तेथे पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करता येतो.

आणि तपासणीसाठी जनुक वाचण्याचीही गरज नाही. रक्तातील विकराचे प्रमाण मोजले तरी पुरते. कापूस-सोयाबीनच्या या पट्ट्यात ही चाचणी डॉक्टरांना अनोळखी नाही. कीटकनाशकाची विषबाधा झालेला शेतकरी दाखल झाला, की रक्तातील कोलिनएस्टरेजची पातळी पाहिली जाते. ऑर्गेनोफॉस्फेट प्रकारची कीटकनाशके नेमके हेच विकर निकामी करतात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीने शेतकरी दगावले, तेव्हा या रसायनांची चर्चा राज्यभर झाली होती. त्यातला फारसा बोलला न गेलेला भाग असा, की नुकतीच फवारणी केलेल्या आणि अंगात विष भिनलेल्या शेतकऱ्याला स्कोलिन दिले, तर त्याचाही श्वास लांबू शकतो. जनुके निर्दोष असूनही! आणि उलट, जन्मतः विकर नसलेल्या माणसाचा अहवाल पाहून त्याला विषबाधा झाल्याचा चुकीचा निष्कर्षही निघू शकतो.

जात विचारायची का?

आता अवघड भागाकडे वळावे लागते. दक्षिणेतील काही भूलतज्ज्ञ रुग्णाला सरळ त्याचा समाज विचारतात. हेतू निर्मळ असला तरी सरकारी रुग्णालयात जात विचारली जाण्याचा इतिहास आपल्याकडे सुखाचा नाही. विदर्भातील सिकलसेलच्या बाबतीत ठराविक समाजांवर आजाराचा शिक्का बसला आणि मुलींची लग्ने ठरताना तपासणीचे कार्ड लपविण्याची वेळ कुटुंबांवर आली. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली आणि सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले गेले. त्या मोहिमेपुढेही संकोचाची हीच भिंत आहे.

शास्त्राच्या बाजूनेही केवळ जात हा कच्चा निकष आहे. कोइमतूरच्या आकड्यानुसार पाहिले तरी समाजातील चोविसांपैकी तेवीस जणांना स्कोलिन दीर्घकाळ बाधणार नाही. आणि समाजाबाहेरचा एखादा दुर्मिळ रुग्ण, फवारणी करून आलेला शेतकरी, गंभीर यकृतविकाराचा रुग्ण या प्रश्नातून निसटून जाईल. त्यामुळे प्रश्न सर्वांना विचारला जावा आणि तो असा असावा : तुमच्या घरात, भावंडांत, मामा-आत्यांच्या घरी कोणाला शस्त्रक्रियेनंतर शुद्धीवर यायला किंवा श्वास घ्यायला फार उशीर झाला होता का? गेल्या काही दिवसांत शेतात फवारणी केली होती का? अनुभवी भूलतज्ज्ञ हे विचारतातही. ते त्यांच्या सवयीवर न सोडता भूलपूर्व तपासणीच्या छापील नमुन्यात रकाना म्हणून यायला हवे. समाजाची माहिती रुग्णाने स्वतःहून सांगितली, तर तिची दखल घ्यावी आणि शंका असेल तेथे विकराची चाचणी करून अंदाजाची जागा आकड्याला द्यावी.

दुसरे काम समाजाच्या संघटनांचे आहे. वधू-वर परिचय मेळावे, वार्षिक उत्सव, रक्तदान शिबिरे यांची या समाजाला मोठी परंपरा आहे. तेथे ही माहिती घरातल्या माणसांनी घरातल्या माणसांना सांगितली, तर ती शिक्का न बनता सावधगिरी बनेल. हा आजार नव्हे, लग्नाच्या आड येणारे यात काही नाही, फक्त एक औषध टाळायचे आहे, हे पटवणे सिकलसेलपेक्षा पुष्कळ सोपे आहे. एखाद्याला पेनिसिलिन चालत नाही, इतकीच ही बाब. एका भावात दोष आढळला, तर सख्ख्या भावंडांची तपासणी आधी करावी. कारण त्यांच्यात तो असण्याची शक्यता साधारण चारांत एक असते.

विम्याची भीतीही खरी आहे. जनुकीय दोषाच्या सरसकट कारणाने आरोग्य विम्याचा दावा नाकारणे घटनाबाह्य असल्याचा निर्णय दिल्ली उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये दिला, तो यासाठी लक्षात ठेवण्यासारखा आहे.

युरोपातील सात देशांत सुमारे सात हजार रुग्णांवर झालेल्या आणि २०२३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बारा जनुकांची तपासणी करून औषधे ठरविण्यात आली. गंभीर स्वरूपाचे दुष्परिणाम जवळपास ३० टक्क्यांनी घटले. त्या रुग्णांच्या खिशात एक छोटे कार्ड देण्यात आले होते. कोणते औषध जपून द्यावे, हे कोणत्याही दवाखान्यात त्यावरून कळत असे. बारा जनुकांचा तो संच येथे परवडेल तेव्हा परवडेल. कार्डाला मात्र प्रयोगशाळा लागत नाही.

परभणीला हा विचार तसा परका नाही. येथील कृषी विद्यापीठाने याच जमिनीसाठी, याच हवेसाठी 'परभणी मोती' ज्वारी आणि 'परभणी क्रांती' भेंडी काढली. शेताची माती तपासून खताची मात्रा ठरवावी, हे तर शेतकऱ्याला आता सांगावे लागत नाही. त्याच शेतकऱ्याच्या खिशात मातीचे आरोग्यपत्र असते आणि स्वतःच्या रक्तगटाचीही चिठ्ठी नसते, ही विसंगती कोणी तरी दूर करायला हवी.

नवे वैद्यकीय महाविद्यालय त्यासाठी योग्य जागा आहे. तेथे भूलशास्त्र विभाग असेल, जीवरसायनशास्त्राची प्रयोगशाळा असेल, विद्यार्थी असतील. विकराची चाचणी नियमितपणे उपलब्ध ठेवणे, श्वास लांबलेल्या प्रत्येक घटनेची नोंद करणे, त्या कुटुंबाची तपासणी करणे आणि मराठवाड्याच्या स्वतःच्या आकड्यांवर एखादा अभ्यास हाती घेणे, यात अवाढव्य खर्चाचे काही नाही. दहा हजार जनुकसंचांची माहिती फरिदाबादच्या केंद्रात संशोधकांची वाट पाहते आहे. स्कोलिननंतर ज्याचा श्वास तासभर लांबला, अशा रुग्णाला मात्र घरी जाताना मिळणाऱ्या कागदावर औषधाचे नाव आणि 'हे पुन्हा देऊ नये' एवढे चार शब्द मराठीत लिहिलेले असावेत, यासाठी कोणत्याही केंद्राची वाट पाहावी लागत नाही. पुढची शस्त्रक्रिया कदाचित दहा वर्षांनी, दुसऱ्या गावात, दुसऱ्या डॉक्टरांसमोर असेल. कदाचित ती त्याच्या बहिणीची असेल.